वंदनेला की फिरायला? सोपाऱ्याच्या एका दिवसाविषयी

घरच्यांना घेऊन एका रविवारी नालासोपाऱ्याचा स्तूप आणि भुईगावचा समुद्र बघून आले. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारलं, "वंदनेला गेला होतात की फिरायला?" विचारण्यात टोमणा होता. रोज कुठे ना कुठे अत्याचाराची बातमी येत असताना चळवळीतल्या माणसाला समुद्र कसा सुचतो, हा त्यातला एक भाग. दुसरा असा की स्तूपावर जायचं तर पांढरी साडी नेसून, त्रिशरण-पंचशील म्हणून परत फिरायचं. सोबत डबे, चेंडू आणि तान्हं मूल कशाला? गंमत म्हणजे आमच्या दादाचं म्हणणं नेमकं उलट होतं. तो गोदामात कामाला आहे, आठवड्यातून एक सुट्टी. तो म्हणाला, "समुद्रावर नेतेस तर ने, पण सुट्टीच्या दिवशी तरी भाषण नको."

मला दोघांचंही गृहीतक एकच वाटतं. आनंद एका बाजूला आणि धम्म दुसऱ्या बाजूला. एकाने धम्म निवडलाय, दुसऱ्याने आनंद. आणि या वाटणीलाच सोपाऱ्यात सापडलेल्या एका दगडाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलंय.

सम्राट अशोकाच्या चौदा शिलाज्ञांपैकी आठव्या आणि नवव्या आज्ञेचे तुकडे सोपारा परिसरात मिळाले. आठवीचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. ते मूळचे जुनागढचे. तिथे गिरनारच्या पायथ्याशी या चौदाही आज्ञा एकाच खडकावर कोरलेल्या आहेत आणि त्यांचा त्यांनी पोरवयापासून अभ्यास केला होता. त्यामुळे सोपाऱ्याच्या तुटक्या ओळी कोणत्या आज्ञेतल्या, हे ओळखणं त्यांना जमलं. नववीचा तुकडा मिळाला भुईगावला, 1956 साली. हे साल आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता आठवी आज्ञा काय सांगते ते बघा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे शिकार आणि तसल्याच करमणुकी चालत. (आपल्या कानाला 'विहार' म्हटलं की बुद्ध विहारच आठवतो, इथे त्याचा अर्थ मौजमजा.) अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करायचं, तेही त्याने कोरून ठेवलंय: श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वयोवृद्धांना भेटायचं, त्यांना धनाची मदत करायची, जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचं, प्रश्नोत्तरं करायची. आणि शेवटी तो म्हणतो की यातच त्याला अधिक आनंद मिळतो. शब्द 'रति' आहे. कर्तव्य नाही, पुण्य नाही. सुख.

तिथे श्रमणांबरोबर ब्राह्मणांचंही नाव आहे. आपल्या पोस्टर-पोस्टमधून ते हळूच गळतं. ते गाळायची काही गरज नाही. राजाने सगळ्या पंथांना भेटणं वेगळं आणि वर्णव्यवस्था मान्य करणं वेगळं, एवढं आपल्या पोरांना नक्की समजतं. आजच्यासाठी महत्त्वाचं इतकंच की या यादीत मूर्तीपुढे हात जोडणं नाही, नवस नाही, तीर्थाचं पाणी बाटलीत भरून नेणं नाही. माणसांना भेटणं आणि विचारणं आहे. मग आमच्या ज्येष्ठांना उत्तर काय द्यायचं? फिरायला गेलो होतो. अशोकाने सांगितलंय तसं.

आपल्या समाजाने 'फिरायला जाणं' इतकं हलकं मानू नये, याला आणखी एक कारण आहे. 1934 साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला की आपण सहलीला जाऊ या. काहीही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, असं ठरलं. तीसेक माणसं. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला म्हणून बस थांबवली. प्रवासाच्या धुळीने माखलेले सगळे जण दारापाशी भरलेल्या टाक्यावर हातपाय-तोंड धुऊन किल्ल्याकडे निघाले, तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला की यांनी टाकं बाटवलं. जमाव जमला, वादावादी झाली, शेवटी आत सोडलं ते हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. आत कुठेही पाण्याला हात लावू नये यासाठी तो शिपाई. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहिलंय आणि हिंदूंना जो अस्पृश्य तो इथे मुसलमानांनाही अस्पृश्यच, हे दाखवायला लिहिलंय. महाड होऊन सात वर्षं झाली होती.

मी हा प्रसंग नेहमी या बाजूनेही वाचते: ऐन चळवळीच्या धामधुमीत, पुणे कराराच्या दोनच वर्षांनंतर, आपल्या माणसांना प्राचीन अवशेष बघायला जावंसं वाटलं आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी वेळ नाही म्हटलं नाही. धुळीने माखलेल्या माणसाने प्रवासात तोंड धुवावं, किल्ला बघावा, घटकाभर सावलीत बसावं, हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. आई बाटलीतल्या पाण्याने नातवाचं तोंड पुसत होती तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात चालू होतं. बोलले नाही. भाषण नको, अशी अट होती.

आम्ही सहा जण होतो: आई, दादा, वहिनी, त्यांची सहावीतली मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि मी. वहिनी पहाटे चारला उठून पुऱ्या-भाजी करून निघालेली. रविवारी विरारकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते असं ज्याने सांगितलं, त्याने ती गाडी पाहिलेली नसावी. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून रिक्षा केली. नाळे आणि सोपारा ही दोन वेगळी गावं, स्टेशनने त्यांचं नाव एक केलं. आज हे नाव उच्चारलं की लोकांना चाळी, पावसात तुंबणारं पाणी आणि गुन्ह्यांच्या बातम्या आठवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक खलाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराची माहिती लिहिली, तीत हे बंदर 'सुप्पारा' म्हणून आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने आपल्या दानधर्माची जंत्री कोरली, तीत शूर्पारक आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धम्मवचनं मुखोद्गत म्हणणाऱ्याने दिलेला आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, बंदर संपलं.

स्तूप म्हणजे आता झाडांच्या मध्ये विटांचा एक उंचवटा आहे, भोवती लहान स्तूपांचे अवशेष. सांची डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल. दादा झाला. "एवढंच?" म्हणाला.

एवढंच नाही. गावातले लोक या उंचवट्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. 1882 मध्ये भगवानलालांनी तो मधोमध खणला तेव्हा आतल्या विटांच्या पोकळीत एक दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, सात पूर्वबुद्धांच्या धरून आठवी मैत्रेयाची. करंडकात एकात एक डब्या: चांदीची, दगडाची, स्फटिकाची, सोन्याची. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. तथागतांचं भिक्षापात्र म्हणून जपलेले. माझी भाची यावर हसली. "आत्या, सोन्याच्या डबीत खापर?" मला तिचं हसणं आवडलं. राजाच्या थडग्यात सोनं ठेवतात. इथे सोनं फक्त वेष्टन आहे.

पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे साधारण दुसरं शतक. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे मधल्या सहा-सातशे वर्षांनंतर कुणीतरी स्तूप पुन्हा उघडला आणि नव्या मूर्ती ठेवून बंद केला. शाळेच्या पुस्तकात बौद्ध धम्म अशोकानंतर दोन धड्यांत आटोपतो, त्याला ही एक पेटी पुरेसं उत्तर आहे. कोकणच्या किनाऱ्यावर हजार वर्षं हे चालू होतं.

'बुरूड राजा'वर मात्र आपल्या मित्रांना दोन शब्द सांगायचेत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे. हा समाज आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. 'बुरूड म्हणजेच बुद्ध, सिद्ध झालं' असं ठोकून देण्याचा मोह होतो. आवाज जुळला म्हणून इतिहास सिद्ध होत नाही, आणि अशा ठोकाठोकीने आपल्याकडे जो भक्कम पुरावा आहे तोही लोक हसण्यावारी नेतात. त्यापेक्षा समाजशास्त्राचा प्रश्न विचारा. ज्या गावगाड्यात टोपली विणणाऱ्याला वेशीबाहेर बसवलं, त्याच गावाने एका बेवारस टेकाडाचा राजा म्हणून त्यालाच का निवडलं? स्तूप उपड्या टोपलीसारखा दिसतो म्हणून असेल. पण दिसण्यावरून टोपली सुचली तरी 'राजा' कुठून सुचला? मला हा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा वाटतो.

तिथे आईने वंदना घेतली. आम्ही सगळ्यांनी म्हटली, दादानेसुद्धा. मग झाडाखाली पुऱ्या खाल्ल्या आणि कागद गोळा करून पिशवीत भरले. निघताना आईने वाकून चिमूटभर माती उचलली आणि नातवाच्या कपाळाला लावायला हात नेला. मी म्हटलं, "आई, माती नको." ती म्हणाली, "अंगारा नाही लावत आहे गं, बुद्धाची माती आहे." इथेच आपली खरी लढाई आहे. नाव बदललं की अंगाऱ्याचं काय राहतं?

गास, निर्मळ करत रिक्षा भुईगावकडे जाते. या पट्ट्यात शहर अचानक संपतं. केळीच्या, भाजीच्या वाड्या, विहिरी, वळणावर क्रूस, लगेच पुढे देऊळ. निर्मळला पाणी मागायला एका वाडीत थांबलो. विहिरीजवळ एक म्हातारी बाई भाजीच्या जुड्या बांधत होत्या. "कुठून आलात?" सांगितलं. "काय बघायला?" सांगितलं. "आडनाव काय तुमचं?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. आईने न थांबता आडनाव सांगितलं, जे आडनाव महाराष्ट्रात कुणालाही लगेच कळतं, आणि वर म्हणाली, "आम्ही बौद्ध." बाईंनी कळशीतलं पाणी दिलं, बाळाला हातात केळं दिलं, आणि स्तूप त्यांच्या लहानपणी कसा रानात होता ते सांगत बसल्या. नंतर म्हणाल्या की विहिरीचं पाणी आता पूर्वीसारखं गोड राहिलं नाही, मचूळ लागतं. अर्धा तास गेला. रिक्षावाला कंटाळला.

रिक्षात भाचीने विचारलं, "आजींनी आडनाव का विचारलं?" दादा म्हणाला, "गावाकडे विचारतात." वहिनी म्हणाली, "गावाकडेच नाही, माझ्या ऑफिसातही विचारतात." विचारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे पाण्याच्या कळशीने सिद्ध होत नाही आणि न देण्याने मात्र लगेच सिद्ध होतं, हा आपला अनुभव. त्या बाई मला चांगल्या वाटल्या. प्रश्न मला खटकला. दोन्ही खरं आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलीला दोन्ही सांगावं लागतं. धम्मपरिपृच्छा म्हणतात ती अशीही होते, आणि ती भाषण केल्याने झाली नसती.

भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, वाळू करडी. ओहोटी होती. दादा आणि भाची घोटाभर पाण्यात. आई पदर खोचून उभी, लाट आली की मागे सरकणारी. तिथे मी त्यांना पूर्णाची गोष्ट सांगितली. दिव्यावदानात ती आहे. शूर्पारकात भव नावाचा सावकार आजारी पडला, बायकोने आणि मुलांनी टाकला. घरातल्या दासीने सेवा करून वाचवला. तिच्या पोटी झालेला मुलगा पूर्ण. पुढे भावांनी वाटण्या केल्या तेव्हा दासीपुत्र म्हणून पूर्णाला वाटा मिळाला नाहीच, उलट घरदार, दुकान यांच्याबरोबर त्यालाही मालमत्तेत धरलं. तो थोरल्या भावाच्या वाट्याला आला. हाच पूर्ण पुढे चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, तांडेल घेऊन समुद्रावर गेला. जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही वचनं म्हणत. त्याने विचारलं, ही गाणी कुणाची? गाणी नाहीत, बुद्धवचनं आहेत, असं उत्तर मिळालं. 'बुद्ध' हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला तो समुद्रावर.

बौधायन धर्मसूत्रात माणूस ज्यांनी पतित होतो त्या कृत्यांत समुद्रप्रवास आहे. त्याच समुद्रावर एका दासीपुत्राला बुद्ध भेटतो, अशी गोष्ट आपल्या परंपरेने जपली. दंतकथा आहे, मान्य. पण कोणता समाज कोणती दंतकथा रचतो, यावरून त्याला काय हवंय ते कळतं. पाली मज्झिम निकायातही पुण्ण आहे. सुनापरांतात जायला निघतो तेव्हा तथागत विचारतात की तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, मग? आणि तो प्रत्येक वेळी याहून वाईट केलं नाही म्हणून त्यांना भलंच म्हणतो. वस्तीत काम करताना मला हा पुण्ण थोडा जास्तच सहनशील वाटतो. दासीचा मुलगा पूर्ण मला जवळचा.

उरला नववा लेख, याच गावातला. त्यात अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मताना, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. बायका तर फारच, तेही क्षुद्र आणि निरर्थक. त्यापेक्षा धम्ममंगल करा: दास आणि नोकर यांच्याशी नीट वागा, गुरुजनांचा मान ठेवा, प्राण्यांबाबत संयम ठेवा, श्रमण-ब्राह्मणांना दान द्या. हे सांगत असताना माझी नजर बाळाच्या मनगटाकडे गेली. काळा दोरा. प्रवासात दृष्ट लागू नये म्हणून निघताना बांधलेला. आईने माझी नजर ओळखली.

"अशोकाला किती बाळंतपणं झाली होती?" ती म्हणाली.

आई चौथी शिकलेली आहे आणि तिच्या या वाक्यावर एखादा प्रबंध लिहिता येईल. आजारी मूल रात्रभर कुणाच्या मांडीवर असतं? दवाखाना लांब असला, पैसे नसले, तर हातात उरतो तो दोरा. विधी बायका करतात हे अशोकाला दिसलं. भीती बायकांच्या वाट्याला का आली, हे त्याने कोरलं नाही. आणि दासांशी नीट वागा म्हणाला, दास ठेवू नका असं या लेखात म्हणाला नाही. त्यासाठी खूप नंतरच्या कायद्यांपर्यंत थांबावं लागलं. सम्राट अशोकाबद्दल मला अभिमान आहेच. पण धम्मपरिपृच्छा अशोकालाही लागू झाली पाहिजे, नाहीतर आपण एका राजाच्या जागी दुसरा राजा बसवून मोकळे.

म्हणून दोरा चालेल का? नाही. आईशी माझा वाद तिथेच, वाळूत बसून, बराच वेळ चालला. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत. ती म्हणते, दोरा म्हणजे देव नाही. मी म्हणते, दोऱ्यावर भरवसा ठेवला की लसीची तारीख चुकते. माझ्या कामात मी हे दर महिन्याला बघते. वहिनी मध्येच म्हणाली, "लस मी चुकवत नाही. दोरा आईंच्या समाधानासाठी आहे, माझ्या नाही." दादा भजी आणायला गेला.

दोरा त्या दिवशी सुटला नाही. चार दिवसांनी वहिनीने आंघोळ घालताना कापला आणि आईने काही म्हटलं नाही, एवढी बातमी आहे.

भाचीला भिक्षापात्राचे तुकडे बघायचे आहेत. स्तूपात निघालेल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत आणि शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. दोन्ही ठिकाणं फोर्टात, चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे सोपारा बघायला सोपाऱ्याला जाऊन अर्धंच भागतं, हे ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा. समुद्रात पोहायला उतरू नका, ओहोटीची वेळ बघून जा, आणि परतीची रिक्षा आधी ठरवून ठेवा. भुईगावहून संध्याकाळी रिक्षा मिळत नाही.

वस्तीतल्या महिला मंडळाला हे कळल्यावर वीसेक जणींनी नावं दिलीत. तारीख अजून ठरायची आहे, कारण बैठकीत पहिलाच मुद्दा अडला: डबे कोण करणार? वहिनीने सांगून टाकलंय की या वेळी ती पहाटे चारला उठणार नाही, पुऱ्या दादा लाटेल. दादा म्हणतो, लाटायला हरकत नाही, पण गोल होणार नाहीत.